अनंत घनतेचा गोटा

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी बुऱ्हाणपुरात कुठल्याही लग्नात मला कोणी ना कोणी गाठतंच. हातात मावा जिलबीची प्लेट, चेहऱ्यावर मोठी जिज्ञासा. "मैडम, आप फिजिक्सवाली हैं ना? ये ब्लैक होल के अंदर क्या होता है?" मी म्हणते, "मालूम नहीं." मग समोरच्याचा चेहरा असा पडतो, की जणू मी त्याच्या पोरीच्या लग्नात अपशकुन केला. एकानं तर तोंडावरच विचारलं, "तो इतने साल पढ़ाया क्या?"

बाबा रे, हेच शिकवलं. पण ते त्याला कसं पटणार? त्यानं टीव्हीवर पाहिलेलं असतं. टीव्हीवर एक गोरा माणूस वाळवंटात उभा राहून सांगतो, की आत मधोमध एक बिंदू असतो, त्याची घनता अनंत असते, आणि मागे ढॅण ढॅण संगीत वाजतं. संगीत वाजलं की आपल्याकडे गोष्ट खरी होते. माझ्यामागे कधी कोणी संगीत वाजवलं नाही. माझ्यामागे फळ्यावर खडू वाजायचा आणि शेवटच्या बाकावरची पोरं शेंगा फोडायची.

या अंकाच्या संपादकांनी मला 'अध्यापनातले प्रेरक अनुभव' लिहा म्हणून सांगितलं. प्रेरक वगैरे माझ्याकडे काही नाही. माझ्याकडे एक गोटा आहे, तापीतला, वाटोळा, काळा. अजून माझ्या दाराला अडसर म्हणून लावलेला असतो. त्याचीच हकिगत लिहिते. छापायची असेल तर छापा.

आमचं कॉलेज खाजगी होतं आणि ते सरकारात जायचं चाललं होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. याला आमच्याकडे 'संविलियन' म्हणतात. शब्द भारी आहे. अर्थ एवढाच, की कॉलेज सरकारनं घ्यायचं आणि आतल्या मास्तरांना छाननी करून, झटकून, वास घेऊन सरकारी नोकरीत सामावून घ्यायचं. ही छाननी वर्षानुवर्षं चालली. कागद भोपाळला जायचे आणि तिकडून प्रकाशाचा किरणसुद्धा परत यायचा नाही. त्या काळात आमचं अख्खं कॉलेज पाय न वाजवता चालायचं. प्राचार्य तर भिंतीवरच्या पालीलासुद्धा 'जी' लावून बोलायचे, न जाणो तीच कमिटीवर असायची.

प्रयोगशाळेला पैसा नव्हता. संस्था म्हणायची, आता सरकार देईल. सरकार म्हणायचं, अजून तुम्ही आमचे कुठे झालात? मग आम्ही घरचं आणून शिकवायचो. त्याच सुमारास वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पानांवर कृष्णविवर झळकायला लागलं होतं. पोरं विचारायची. अभ्यासक्रमात नव्हतं, पण अभ्यासक्रमात जे होतं ते तरी कुठे कोणी विचारत होतं? म्हणून मी एक देखावा केला. पिंपाचं एक लोखंडी कडं मिळवलं. आमच्या शिपायाच्या, हमीदच्या, भावाचे पॉवरलूम होते. तिथली एक जुनी, धुऊन धुऊन विरलेली लुंगी कड्यावर ताणून सुतळीनं बांधली आणि कडं चार स्टुलांवर ठेवलं.

हे कापड म्हणजे अवकाश, असं समजा. त्यावर लिंबू ठेवलं की जराशी खळी पडते. बाजूनं सोडलेली गोटी त्या खळीकडे वळते. हे गुरुत्वाकर्षण. मोठी वस्तू, मोठी खळी. आता एखादा अवाढव्य तारा म्हातारा झाला, आतली आग विझली, की स्वतःच्याच वजनानं तो आत कोसळायला लागतो. खळी इतकी खोल होते की तिच्यातून प्रकाशालाही वर चढून येता येत नाही. हे कृष्णविवर. इथपर्यंत सगळं ठीक आहे. भांडण आहे ते पुढे. तारा आत कोसळत कोसळत कुठे थांबतो? सापेक्षतेचं गणित म्हणतं, थांबतच नाही, अगदी बिंदू होईपर्यंत. बिंदूला आकारमान नाही. वस्तुमानाला शून्यानं भागा, आली घनता अनंत. याला म्हणतात सिंगुलॅरिटी.

आता शून्यानं भागायचं नसतं, हे प्राथमिक शाळेत आपण छडी खाऊन शिकलेलो असतो. पोरानं भागलं तर त्याच्या हातावर छडी, आणि ताऱ्यानं भागलं तर म्हणे विश्वाचं महान रहस्य!

तर त्या दिवशी वर्गात मी लिंबू काढून हा तापीतला गोटा लुंगीवर ठेवला. कापड खोल खोल गेलं, पोरं वाकून बघायला लागली, आणि चर्रकन लुंगी फाटली. गोटा धाडकन खाली. सगळा वर्ग ओरडला, "सिंगुलॅरिटी! सिंगुलॅरिटी!" टाळ्या वाजवल्या मेल्यांनी. मीही हसले. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर वाटलं, वा, काय झकास जमलं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून उषा पाटील उठली. तुकईथड गावची. तिथून येणं-जाणं जमत नाही म्हणून शहरात, शनवारा मोहल्ल्यात मावशीकडे राहून शिकणारी. बोलायची कमी. ती स्टुलांखाली वाकली, गोटा उचलला आणि माझ्यासमोर धरून म्हणाली, "बाई, हे तर कापड फाटी गेलं. दगड तर अजून दगडच हाय ना."

शेवटच्या बाकावरच्या शेंगासुद्धा थांबल्या.

मंडळी, त्या प्रश्नावर जगातली मोठमोठी डोकी अजून बसलेली आहेत. गणितज्ञांनी एवढंच सिद्ध केलंय, की काही अटी मान्य केल्या तर या गणितातली वाट आत कुठेतरी संपतेच. वाट संपते. तिथे खरोखर काय पडलंय, ते त्यांनी सिद्ध केलेलं नाही. अतिसूक्ष्म कणांचं दुसरं गणित आहे, ते तिथे लावायला हवं, आणि ती दोन गणितं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. थोडक्यात, फाटलंय ते आपलं कापड. हे मी पुढचे तास फळ्यावर मांडत गेले आणि उषाच्या डोळ्यांत जे काही दिसलं, ते पाहून मला वाटलं, हिला इंदूरला एम.एस्सी.ला गेलंच पाहिजे. नाही गेली तर मी कशाला शिकवते?

पण मला वाटून काय होतं? तिचे वडील भागवत पाटील. चांगली केळीची बाग, माणूस सरळ, पण शब्दाला अडून बसणारा. त्यांनी भावकीसमोर सांगून ठेवलं होतं, "फर्स्ट क्लास आला तर इंदूर. नाही आला तर लगीन." स्थळही पाहून ठेवलं होतं, रावेरकडचं. उषाच्या लेखी परीक्षा उत्तम गेल्या होत्या, पण आमच्या विद्यापीठात लेखीचे गुण देताना परीक्षकांच्या बोटांना वात यायचा. वर्ग ठरायचा तो प्रॅक्टिकलवर.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, प्रॅक्टिकलची परीक्षा म्हणजे काय प्रकार असतो. बाहेरगावचा एक परीक्षक येतो. पोरं लोलक हलवतात, भिंग सरकवतात, वाचनं घेतात. मग तोंडी परीक्षा. गुण दोघांनी मिळून द्यायचे, बाहेरच्यानं आणि घरच्यानं, म्हणजे मी, आणि दोघांच्या सह्या लागतात. कागदावर असं आहे. प्रत्यक्षात बाहेरचा माणूस जावई असतो. त्याला मावा जिलबी लागते, इथला गोड दराबा घरी न्यायला लागतो. एक साहेब असे आले, की अख्खी परीक्षा खुर्चीत झोपले आणि जाग येताच सगळ्यांना सारखे गुण देऊन गेले. माझ्या मते तो आमच्याकडे आलेला सर्वांत न्यायी परीक्षक.

त्या वर्षी आले ते डॉक्टरसाहेब. विद्यापीठात वजन, संविलियनाच्या छाननी कमिटीवर सदस्य, म्हणजे माझी नोकरी ज्यांच्या खिशात तेच. शिवाय एका लोकप्रिय कुंजीचे लेखक. कुंजी म्हणजे तुमच्याकडचं गाइड. पुस्तक न वाचता पास होण्याची सोय. त्या कुंजीच्या शेवटी साहेबांनी आपल्या मनानं 'आधुनिक भौतिकी के रोचक प्रश्न' जोडले होते आणि जिथे जातील तिथे त्यातलंच विचारायचे. प्राचार्यांनी आदल्या दिवशी मला बोलावून हात जोडले. "मैडम, कल आप बस मुस्कुराइए."

मी हसायला तयार होते, देवाशप्पथ. पण प्राचार्यांनी आणखी एक उपद्व्याप केला. माझा तो देखावा साहेबांना दाखवायचा ठरवला, आणि विरलेली लुंगी बरी दिसणार नाही म्हणून हमीदला पाठवून मागावरून उतरलेलं कोरं करकरीत कापड मागवलं.

उषाची पाळी आली. प्रयोग नीटच झाला होता. साहेबांनी जिलबीचा हात रुमालाला पुसला आणि विचारलं, "बताओ, कृष्ण विवर के केंद्र में क्या है?"

दाराबाहेर व्हरांड्यात भागवत पाटील उभे होते. साहेबांसाठी केळीचा घड घेऊन आलेले. आमच्याकडे हा रिवाजच. कोणी मागत नाही, पण न आणणारा डोळ्यांत भरतो.

उषा म्हणाली, "सर, पक्का मालूम नहीं. गणित वहाँ टूट जाता है."

"गलत! अनंत घनत्व का बिंदु है. कुंजी नहीं पढ़ी?"

"पढ़ी है, सर. पर वो तो गणित का नतीजा है. वहाँ सच में क्या है, किसी ने देखा नहीं."

साहेबांची मान माझ्याकडे वळली. मी हसत होते, सांगितल्याप्रमाणे. ते उठले आणि कोपऱ्यातल्या कड्याकडे गेले. "आओ, दिखाता हूँ. अभी समझ में आ जाएगा." गोटा त्यांनी स्वतः उचलून कापडावर ठेवला. खळी पडली, पण कोरं कापड ते, बुऱ्हाणपूरचं. ढिम्म हललं नाही. साहेबांना तर फाटायला हवं होतं. त्यांची सिंगुलॅरिटी अडली होती. "और वजन लाओ." हमीदनं प्रयोगशाळेतली लोखंडी वजनं आणली. साहेब गोट्यावर एकेक रचायला लागले. कापड तटतटलं. "देखो, घनत्व बढ़ रहा है." आणखी एक. "बढ़ रहा है." साहेब आता कड्याला पोट टेकून, अगदी जवळ येऊन उभे. मी म्हटलं, "सर, ज़रा पीछे..." त्यांनी हात उडवून मला गप्प केलं आणि शेवटचं वजन ठेवलं.

फाटलं. साहेब विजयानं ओरडले, "देखा! ये रही सिंगुलैरिटी!" आणि दुसऱ्याच क्षणी अशी काही किंकाळी मारली, की बाजूच्या वर्गातली पोरं धावत आली. अनंत घनता साहेबांच्या अंगठ्यावर पडली होती.

साहेब एका पायावर, हमीदचा खांदा धरून. प्राचार्य पंख्याच्या दिशेनं खुर्ची ओढताहेत. आणि या सगळ्यात माझी ही शहाणी पोर शांतपणे खाली वाकली, गोटा उचलला आणि साहेबांच्या टेबलावर जिलबीच्या प्लेटशेजारी ठेवला. "सर, पत्थर यहाँ है."

थट्टा करायची नव्हती हो तिला. ती खरंच पुरावा देत होती. पण तेव्हा कोणाला समजावणार?

साहेबांनी तिला पास होण्यापुरते गुण लिहिले. एक जास्त नाही. कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही करणार नाही म्हटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण आवाज चढवला नाही. म्हटलं, "सर, प्रयोग सही, रीडिंग सही, जवाब भी सही. नंबर किस बात के काटे?" साहेब म्हणाले, "मैडम, आपका संविलियन अभी हुआ नहीं है ना?" गोड आवाजात म्हणाले. अंगठा भिजवायला बर्फ आणला होता, त्या बर्फाहून गार वाटलं मला.

प्राचार्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं. साहेबांच्या आगगाडीची वेळ जवळ येत चाललेली. मी हाताची घडी घालून बसले. शेवटी साहेबांनी उदार व्हायचं ठरवलं. उषाला बोलावून म्हणाले, एकदाच सगळ्यांसमोर म्हण, केंद्रात अनंत घनतेचा बिंदू आहे, गुण वाढवतो.

एक वाक्य. इंदूर आणि रावेर यांच्यामध्ये एक वाक्य. मी मनात म्हटलं, बोल गं बाई, बोलून टाक, विश्वाला काही फरक पडत नाही. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. दारात उभ्या बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, "सर, मालूम नहीं है. झूठ कैसे बोलूँ?"

भागवत पाटील आत आले. त्यांनी मलाच विचारलं, "बाई, काय बोली राह्यले साहेब? माह्यी पोर काय चुकली?"

मी म्हटलं, "भाऊ, साहेबांनी एक गोष्ट विचारली. ती म्हणाली, माहीत नाही."

"मंग कोणाले मालूम हाय?"

"जगात कोणालाच नाही."

"साहेबाले?"

"नाही."

पाटील जरा वेळ साहेबांच्या सुजलेल्या अंगठ्याकडे पाहत राहिले. मग अगदी सरळपणे विचारलं, "मंग त्यायले किती मार्क?"

हमीद फिस्सकन हसला आणि तिथेच सगळं संपलं. साहेब लंगडत उठले. माझी सही नाही तर नाही. प्राचार्यांनी विशेष अधिकारात माझ्या जागी सही ठोकली, पाकीट बंद झालं. केळीचा घड मात्र साहेबांच्या टांग्यात व्यवस्थित गेला. तो नाकारण्याइतका अंगठा दुखत नव्हता.

निकाल लागला. उषाचा फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला. ज्यांनी कुंजी घोकून अनंत अनंत म्हटलं होतं, त्यांना मिळाला. त्यातला एक आज या जिल्ह्यात विज्ञानावर भाषणं देत फिरतो. मी समोर बसले की त्याला घाम फुटतो, म्हणून मी मुद्दाम पुढे बसते.

निकालानंतर बापलेक माझ्या घरी आले, शनवाऱ्यात. मी चहा ठेवला, कोणी घेतला नाही. पाटलांचा चेहरा ओढलेला. म्हणाले, "बाई, तुमच्या शिक्षणाचा मान हाय. पण भावकीत शबद देयेल हाय. फर्स्ट क्लास म्हटलं होतं, नाही आला." मी बोलायला लागले. विद्यापीठ कसं लबाड, परीक्षक कसा कोता, तावातावानं बोलले. शिव्याही दिल्या असतील. पाटील खाली मान घालून ऐकत होते आणि मान हलत नव्हती. मी हरले होते, आणि ते मला कळत होतं.

तेव्हा उषा उठली. दाराला लावलेला गोटा तिनं दोन्ही हातांनी उचलला. परीक्षेनंतर मीच तो घरी आणला होता, उगाच, कॉलेजात ठेवायला जीव होईना म्हणून. तिनं तो बापाच्या मांडीवर ठेवला.

"बाबा, निकाल लागायच्या आधी हा केवढा होता?"

"एवढाच."

"आता?"

पाटलांनी गोट्यावरून हात फिरवला. तीच पुढे म्हणाली, "मी बी तेवढीच हाय, बाबा. कापड फाटलं. मी नाही फाटली."

बराच वेळ पाटील तो गोटा मांडीवर घेऊन बसले, तान्ह्या पोरासारखा. मग खाली ठेवला, डोळ्यांना उपरणं लावलं आणि मला म्हणाले, "चहा थंडा झाला वाटते. दुसरा टाका." दुसरा चहा पिताना त्यांनी इंदूरला कोणती बस जाते ते विचारलं. भावकीला काय सांगितलं, ते मला कधीच कळलं नाही.

माझं संविलियन सगळ्यांत शेवटी झालं. इतरांपेक्षा कित्येक वर्षं उशिरा, पगार मागे, पेन्शन तोकडी. साहेबांनी लक्षात ठेवलं होतं. मला राग येत नाही असं म्हणणार नाही. येतो, महिन्याच्या शेवटी जास्त येतो. कुंजीच्या आवृत्त्या मात्र निघत राहिल्या. अनंत घनतेचा बिंदू प्रत्येक आवृत्तीत जागच्या जागी आहे. कृष्णविवराची छायाचित्रंही आता निघाली. फार सुंदर आहेत. पण ती बाहेरची. आतलं मला मरेपर्यंत कळणार नाही याची खंत आहे, खोटं कशाला सांगू.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक आल्या. मी स्टेशनवर घ्यायला गेले. डबा घेऊन उतरल्या. "घरचं जेवण आणलंय, बाई. जिलबी-बिलबी काही मागवू नका." केस थोडे पिकले होते. डॉ. उषा पाटील.

तोंडी परीक्षेत शेवटचा एक चुणचुणीत पोरगा होता. कोणी न विचारताच त्यानं आपलं ज्ञान दाखवायला सुरुवात केली. कृष्णविवरावर गाडी आली. "मैडम, केंद्र में अनंत घनत्व का बिंदु होता है." धडाधड, कुंजीतल्या शब्दांत.

उषानं पेन खाली ठेवलं. माझ्याकडे तिरक्या नजरेनं पाहिलं. मग त्या पोराला फार मायेनं विचारलं, "अच्छा बेटा. और पत्थर कहाँ गया?"

पोरगा गोंधळला. एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मग हळूच वाकून टेबलाखाली पाहायला लागला.

"शाबास," उषा म्हणाली, "देखते रहो." आणि तिनं त्याला पूर्ण गुण दिले. मी माझी सही केली.